गोरेआंगाबचं पाणी

नामिबियाची राजधानी असलेल्या विंडहुक शहरात १९६८ साली दोन गोष्टी घडल्या. ‘ओल्ड लोकेशन’ ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती प्रशासनाने कायमची बंद केली आणि तिथली उरलीसुरली माणसं शहराबाहेरच्या नव्या वस्तीत हलवली. त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, शहराच्या मैलापाण्यावर प्रक्रिया करून तयार केलेलं पिण्याचं पाणी नळाला सोडायला सुरुवात झाली. असं पाणी आधी नदीत न सोडता, जमिनीत न मुरवता, थेट शहराच्या पुरवठ्यात मिसळायची कायमस्वरूपी व्यवस्था तोवर जगात कुठेच नव्हती. पहिली घटना वंशभेदाच्या इतिहासात सांगितली जाते, दुसरी अभियांत्रिकीच्या. मला या दोन्ही हकिगती एकत्र सांगायच्या आहेत, कारण पुढच्या पन्नास वर्षांत त्या एकमेकींपासून सुटल्याच नाहीत.

विंडहुक समुद्रसपाटीपासून सुमारे १६५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही वर. पण महाबळेश्वरशी साम्य उंचीपुरतंच. वर्षाचा सरासरी पाऊस ३६० मिलिमीटरच्या आसपास, माण किंवा जत तालुक्यांपेक्षाही कमी. त्यातही तो कधी सलग दोन वर्षं धड पडत नाही. उघड्यावर साठवलेलं पाणी उडून जाण्याची क्षमता मात्र वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढची, त्यामुळे धरण बांधलं तरी त्यातला मोठा वाटा आकाशच परत घेतं. बारमाही वाहणाऱ्या नद्या आहेत त्या फक्त देशाच्या सीमांवर. त्यातली जवळची ओकावांगो सुमारे सातशे किलोमीटर दूर. अटलांटिकचा किनारा तीनशे किलोमीटरवर, पण मध्ये नामिब वाळवंट, आणि समुद्राचं पाणी गोडं करून आणायचं ठरवलं तरी ते दीड किलोमीटरहून जास्त उंच चढवावं लागणार.

मग इथे शहर वसलं तरी कसं? उन्हाळ्यांमुळे. गरम पाण्याचे झरे होते, म्हणून १८४०च्या सुमाराला योंकर आफ्रिकानेर हा ओरलाम टोळीप्रमुख आपल्या माणसांसह इथे स्थिरावला. १८९० मध्ये जर्मनांनी इथे किल्ला बांधून वसाहतीचं ठाणं केलं. पहिल्या महायुद्धात तो मुलूख दक्षिण आफ्रिकेच्या हातात गेला आणि पुढे राष्ट्रसंघाच्या आदेशाने तिच्याच ताब्यात राहिला. झरे अपुरे पडल्यावर कूपनलिका आल्या, कूपनलिकांची पातळी खाली गेल्यावर धरणं आली. १९३३ मध्ये आव्हिस, १९५०च्या दशकाच्या अखेरीला गोरेआंगाब. गोरेआंगाबच्या काठाशी धरणाचं पाणी शुद्ध करणारं एक साधं जलशुद्धीकरण केंद्रही उभं राहिलं. धरण लहान होतं, शहर वाढत होतं, आणि हे पाणी पुरणार नाही हे थोड्याच वर्षांत स्पष्ट झालं.

त्याच काळात नगरपालिका दुसऱ्या एका कामात गुंतली होती. दक्षिण आफ्रिकेतला वंशभेदाचा कायदा विंडहुकमध्येही लागू होत होता आणि गोऱ्यांच्या वस्तीलगत असलेलं ओल्ड लोकेशन उठवायचं ठरलं होतं. लोकांनी नकार दिला. डिसेंबर १९५९ मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या बसगाड्यांवर, बिअरच्या गुत्त्यावर, सिनेमाघरावर बहिष्कार टाकला. १० डिसेंबरच्या रात्री पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अकरा जण मारले गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. या विरोधाच्या संघटकांपैकी एक तरुण, सॅम नुजोमा, काही महिन्यांतच देश सोडून गेला. हलवलेल्या लोकांनी नव्या वस्तीला नाव दिलं काटुटुरा, म्हणजे जिथे आम्हाला राहायचं नाही ती जागा. आजही ते नाव तसंच आहे.

अशा शहरात, अशा नगरपालिकेने मैलापाण्याकडे पिण्याच्या पाण्याचा साठा म्हणून पाहायला सुरुवात केली. हिशेब सरळ होता. पाऊस येवो न येवो, गामाम्स इथल्या मलनिस्सारण केंद्रातून रोज ठरावीक पाणी बाहेर पडत होतं. शहराच्या आवारात बारमाही वाहणारा प्रवाह तेवढा एकच होता.

असा प्रयोग पूर्वी एकदा झाला होता, पण नाइलाजाने. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं चानूट हे गाव १९५०च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळात सापडलं. निओशो नदी आटली. ऑक्टोबर १९५६ पासून पुढचे पाच महिने गावाने आपलंच प्रक्रिया केलेलं सांडपाणी नदीच्या पात्रात अडवून पुन्हा जलशुद्धीकरण केंद्रात घेतलं आणि नळाला सोडलं. जंतूंच्या चाचण्यांत पाणी पास होत होतं, पण त्याला पिवळट झाक होती, कुबट वास होता आणि पेल्यात ओतलं की फेस यायचा. लोक पिण्यासाठी बाटल्या विकत घेऊ लागले. पाऊस पडला आणि गावाने ती व्यवस्था तत्काळ बंद केली. विंडहुकच्या लोकांपुढे हा धडा होता: जंतू मारणं पुरेसं नाही. फेस, रंग, वास आणि मोजमापात न येणारी रसायनं काढल्याशिवाय हे पाणी कोणी पिणार नाही, आणि पिऊही नये.

प्रिटोरियातल्या राष्ट्रीय जलसंशोधन संस्थेत तेव्हा गेरी स्टँडर आणि लुकास फान व्यूरन यांच्यासारखे शास्त्रज्ञ याच प्रश्नावर काम करत होते. फान व्यूरन यांचा आग्रह असा, की पाण्याची पारख त्याच्या पूर्वेतिहासावरून नव्हे, आजच्या गुणवत्तेवरून करावी. जलतज्ज्ञांच्या जगात हा विचार आज घोषवाक्यासारखा वापरला जातो. मला मात्र तो अर्धाच पटतो. खरं सांगायचं तर विंडहुकचं यश पाण्याचा पूर्वेतिहास विसरण्यात नाही, तो बारकाईने आखण्यात आहे.

कारण या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय शुद्धीकरण केंद्राच्या आत झालाच नाही. तो शहराच्या गटारांत झाला. घरांतलं मैलापाणी आणि कारखान्यांचं सांडपाणी वेगळं करायचं, असं नगरपालिकेने ठरवलं. उद्योगांचं पाणी शहराच्या उत्तरेकडे वेगळ्या नळांतून दुसऱ्या प्रक्रिया केंद्राकडे वळवलं गेलं. गामाम्सकडे जायचं ते फक्त घरगुती पाणी. माणसाच्या शरीरातून जे बाहेर पडतं ते घाण असलं तरी ओळखीचं असतं. त्यातले जंतू, नायट्रोजन, फॉस्फरस, सेंद्रिय द्रव्यं यांचं काय करायचं हे शास्त्राला ठाऊक आहे. कातडी कमावण्याच्या कारखान्यातलं क्रोमियम किंवा एखाद्या कार्यशाळेने रात्री गटारात ओतलेलं द्रावण यांचा भरवसा देता येत नाही. जगात आज जिथे जिथे अशा प्रकल्पांची चर्चा होते तिथे यंत्रांवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि गटारांच्या या विभागणीला एखादं वाक्य मिळतं. तिच्यासाठी रस्ते खणावे लागतात, कारखानदारांना नाही म्हणावं लागतं, परवाने तपासावे लागतात. सगळ्यांत अवघड काम तेच आहे.

१९६८चं केंद्र दिवसाला सुमारे ४३ लाख लिटर पाणी तयार करू शकत होतं. जुन्या जलशुद्धीकरण केंद्राचाच विस्तार करून ते उभारलं होतं. धरणाचं पाणी एका वाटेने शुद्ध व्हायचं, गामाम्सचं दुसऱ्या वाटेने, आणि शेवटी दोन्ही एकत्र यायची. गामाम्समधून बाहेर पडणारं पाणी आधी तळ्यांत साठून राहायचं, तिथे त्यात शेवाळ वाढायचं, ते शेवाळ वर तरंगवून काढावं लागायचं. त्या काळच्या धुण्याच्या पावडरी सहज विघटन न होणाऱ्या होत्या. चानूटच्या पेल्यांत दिसला तोच फेस. तो काढण्यासाठी मुद्दाम हवा सोडून फेस वर आणायचा आणि बाजूला सारायचा, अशी एक वेगळी पायरी होती. मग रसायनांनी गाळ बसवणं, वाळूची गाळणी, सक्रिय कोळसा आणि क्लोरीन. पुढच्या तीसेक वर्षांत या मांडणीत वेळोवेळी फेरबदल झाले. गामाम्सची प्रक्रिया सुधारली तशी शेवाळाची पायरी गेली, पावडरी बदलल्या तशी फेसाची गेली, क्षमता वाढत वाढत ७५ लाख लिटरपर्यंत पोचली.

लोकांनी ते स्वीकारलं, असं या प्रकल्पाच्या बहुतेक वृत्तान्तांत लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, विरोधाची मोठी चळवळ झाली नाही. पण इथे थांबून विचार करायला हवा. १९६८च्या विंडहुकमध्ये बहुसंख्य रहिवाशांना नगरपालिकेत मत नव्हतं. ज्यांना राहती घरं सोडा असं बंदुकीच्या धाकाने सांगितलं गेलं होतं, त्यांना नळाच्या पाण्याबद्दल कोण विचारणार? त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या मुलखाला नामिबिया हे नाव दिलं आणि दक्षिण आफ्रिकेचा ताबा बेकायदा असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात सत्ता दक्षिण आफ्रिकेचीच राहिली. अशा ठिकाणच्या मौनाला संमती म्हणता येत नाही.

पाणी सुरक्षित होतं का, या प्रश्नाला मात्र प्रामाणिक उत्तर शोधलं गेलं. १९७४ ते १९८३ अशी दहा वर्षं विंडहुकमधल्या आजारांची, विशेषतः अतिसाराची, नोंद ठेवून अभ्यास झाला. त्याचं नेतृत्व मार्गारेथा आयझॅकसन यांच्याकडे होतं. १९७६ मध्ये झाईरमध्ये इबोलाचा पहिला उद्रेक झाला तेव्हा किन्शासात काम केलेल्या आंतरराष्ट्रीय पथकातल्या याच त्या साथरोगतज्ज्ञ. शहराच्या काही भागांना पुनर्प्राप्त पाणी मिसळलेला पुरवठा होता, काहींना नव्हता, त्यामुळे तुलना शक्य होती. निष्कर्ष स्पष्ट निघाला. अतिसाराचा आणि पाण्याच्या स्रोताचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो लोकांच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीशी.

हा निष्कर्ष अभियंत्यांच्या परिषदांत दिलासा म्हणून सांगितला जातो आणि त्यांच्या दृष्टीने तो दिलासाच आहे. मी तो वाचतो तेव्हा त्याचा दुसरा अर्धा भाग अधिक टोचतो. आजार कुठे होता, याचं उत्तर त्यात दिलेलं आहे. ज्या पाण्याची जगाला किळस वाटली त्याने मुलं आजारी पडत नव्हती. ती आजारी पडत होती दाटीवाटीच्या घरांमुळे, अपुऱ्या संडासांमुळे, ज्या व्यवस्थेने शहराचे रंगांप्रमाणे तुकडे केले तिच्यामुळे.

सत्तरच्या दशकापासून उत्तरेकडे फॉन बाख, स्वाकोपोर्ट आणि ओमाटाको ही तीन मोठी धरणं बांधली गेली आणि पुनर्प्राप्त पाण्याची निकड काही काळ कमी झाली. चांगल्या पावसाच्या वर्षांत त्याचा वाटा नगण्य असायचा, दुष्काळात तो तीस टक्क्यांपर्यंत जायचा. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. हिंडण्याफिरण्यावरची बंधनं गेली, गावाकडून माणसं राजधानीत येऊ लागली, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दुष्काळ आला. तेव्हा नवं केंद्र बांधायचं ठरलं. युरोपीय कर्ज आणि अर्थसाहाय्यातून ते २००२ मध्ये सुरू झालं, क्षमता दिवसाला २ कोटी १० लाख लिटर. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते सॅम नुजोमा, १९५९च्या बहिष्कारातले. केंद्र चालवण्याचं कंत्राट ज्या कंपन्यांच्या गटाला मिळालं, त्यात ‘व्हीए टेक वाबाग’ होती. पुढे २००७ मध्ये या ऑस्ट्रियन कंपनीची मालकी तिच्याच भारतीय शाखेकडे आली आणि तिचं मुख्यालय आता चेन्नईत आहे.

नव्या केंद्रात पाणी कोणत्या वाटेने जातं ते सांगायला हवं, कारण विश्वास या पायऱ्यांवर उभा आहे. गामाम्सहून आलेल्या पाण्यात आधी लोहयुक्त रसायन घालतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की घाण गोळा होते तसाच प्रकार, फक्त इथे ती खाली बसू न देता हवेच्या अगदी बारीक बुडबुड्यांनी वर आणून काढतात. मग दगडी कोळसा आणि वाळू यांचे थर असलेली गाळणी. मग ओझोन, जो जंतू मारतो आणि मोठे सेंद्रिय रेणू तोडतो. ते तुकडे खाण्यासाठी पुढच्या टाकीत कोळशाच्या कणांवर सूक्ष्मजीव वाढवलेले असतात. त्यानंतर सक्रिय कोळशाचे आणखी दोन टप्पे. मग अतिसूक्ष्म छिद्रांचे पडदे. शेवटी क्लोरीन आणि नळ गंजू नयेत म्हणून सोडा. तत्त्व असं, की प्रत्येक घातक गोष्टीच्या वाटेत एकापेक्षा जास्त अडसर हवेत, म्हणजे एक निकामी झाला तरी दुसरा उभा असेल. कुठल्याही टप्प्यावर मोजमाप मर्यादेबाहेर गेलं तर पाणी शहराकडे जात नाही, ते पुन्हा सुरुवातीला वळवलं जातं. इतकं करूनही नळाला सोडताना त्याचा वाटा ३५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत, बाकीचं धरणांचं आणि भूजल.

आर.ओ. म्हणून आपण घरोघर ओळखतो ती प्रक्रिया इथे नाही, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. आर.ओ. मधून शुद्ध पाण्याबरोबर क्षारांनी भरलेलं टाकाऊ पाणीही निघतं. सिंगापूरने २००३ मध्ये आपल्या सांडपाण्याचं शुद्धीकरण आर.ओ. ने सुरू केलं, तिथे टाकाऊ पाणी सोडायला भोवती समुद्र आहे. विंडहुकभोवती खडक आहे. ते पाणी टाकणार कुठे?

ऑस्ट्रेलियातल्या टुवुंबा शहराने २००६ मध्ये अशाच प्रकल्पावर सार्वमत घेतलं आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी तो फेटाळला. त्यांच्या भीतीला हसू नये. पण आपण सगळेच कोणाचं तरी वापरलेलं पाणी पितो हेही तितकंच खरं. पुण्याचं मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. त्यातलं बरंचसं पुरतं शुद्ध न होताच जातं, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. विंडहुकमध्ये गटारापासून नळापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याची नोंद आहे. पुणे ते सोलापूर या वाटेवर जबाबदारी कोणा एकाची नाही. नदी मध्ये आली की मनाला बरं वाटतं, पाणी तेवढ्याने बरं होत नाही.

२०१५-१६ मध्ये नामिबियाच्या मध्य भागातली तिन्ही धरणं जवळजवळ कोरडी पडली. २०१६ च्या एप्रिलमध्ये आपण मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेत होतो, त्याच सुमारास विंडहुकमध्ये नागरिकांवर कडक कपात लादली गेली, कारखान्यांना वापर कमी करायला सांगितलं गेलं, शहराखालच्या खडकातलं भूजल उपसलं गेलं. त्या खडकात चांगल्या वर्षांत शुद्ध पाणी विहिरींतून मुद्दाम आत सोडून साठवण्याचं काम आधीच सुरू झालेलं होतं. खाली साठवलेलं पाणी ऊन पिऊ शकत नाही. गोरेआंगाबचं केंद्र या सगळ्या काळात चालू होतं. मैलापाणी आटलं नव्हतं.

आटलं नाही, पण जिथून यायला हवं तिथून सगळं येतही नाही. स्वातंत्र्यानंतर काटुटुराच्या पलीकडे, उत्तर-पश्चिमेच्या टेकड्यांवर पत्र्याच्या झोपड्यांच्या वस्त्या वाढत गेल्या. शहराची लोकसंख्या आता पाच लाखांच्या जवळ आहे आणि तिच्यातला मोठा हिस्सा या वस्त्यांत राहतो. तिथे अनेक घरांना संडास नाही, गटार नाही, पाण्यासाठी सामायिक नळ आहेत. जे गटारात जात नाही ते पावसाने ओढ्यांत जातं आणि ओढे गोरेआंगाब धरणात. १९५०च्या दशकात पिण्यासाठी बांधलेल्या या धरणाचं पाणी इतकं बिघडलं, की नव्या केंद्राला ते घेणं सोडून द्यावं लागलं. केंद्र आता गामाम्सच्या, म्हणजे मलनिस्सारण केंद्रातून येणाऱ्या पाण्यावरच चालतं, कारण दोहोंत तेच जास्त भरवशाचं आहे. १९६८चं जुनं केंद्र बागा आणि मैदानांसाठी पाणी पुरवतं.

डिसेंबर २०१७ मध्ये विंडहुकमध्ये हेपेटायटिस ई ची साथ जाहीर झाली. विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणारा हा आजार गरोदर बायकांसाठी विशेष घातक असतो. साथीची सुरुवात दोन झोपडपट्ट्यांत झाली. एकीचं नाव हवाना, दुसरीचं गोरेआंगाब. जगभरातले अभियंते जे केंद्र पाहायला येतात त्याचं आणि या वस्तीचं नाव एकच आहे. साथ पुढे देशभर पसरली, हजारो लोकांना लागण झाली, अनेक माता दगावल्या, आणि ती संपल्याचं जाहीर व्हायला २०२२ साल उजाडलं. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा त्यात दोष नव्हता. कारणं होती उघड्यावरची विष्ठा, अपुरे नळ आणि उघड्या भांड्यांत साठवलेलं पाणी.

विंडहुकची पाण्याची गरज वाढतेच आहे आणि मैलापाण्यापासून आणखी पिण्याचं पाणी मिळवण्याच्या योजना आखल्या जात आहेत. मोठ्या केंद्राला जास्त मैलापाणी लागेल. ते पाणी त्या टेकड्यांवर आहे, रोज तयार होतं आहे, पण गामाम्सकडे नेणारा नळ तिथवर गेलेला नाही. तिथे संडास आणि गटारं पोचली तर ओढ्यांतली घाण थांबेल, साथीची वाट बंद होईल आणि केंद्राला कच्चं पाणी मिळेल. ही तिन्ही कामं एकाच खोदाईत होतात, आणि ती खोदाई अजून व्हायची आहे.